गाडी खाली घासते म्हणून मोठा टायर टाकावा का? (स्विफ्ट, अमळनेर)

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. गाडीतलं मला स्टेअरिंग आणि हॉर्नच्या पलीकडे फारसं कळत नाही, म्हणून विचारतोय. २०१८ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने बाहेरून १५ इंची अलाय (मिश्रधातूचे रिम) बसवून घेतलेत. त्यावर १८५/६५ आर १५ टायर आहेत आणि आता त्यांना पार टक्कल पडलंय. डिक्कीतली स्टेपनी मात्र कंपनीची लोखंडी, १६५/८० आर १४.

त्रास असा की गावातल्या प्रत्येक गतिरोधकावर गाडी खालून घासते. सूरतला जाताना तर बायको प्रत्येक गतिरोधकाला डोळे मिटून घेते. टायरवाला म्हणतो, "भाऊ, याच रिमवर २०५/६५ टाकून देतो. मस्त बसतो, गाडी उंच होईल, दिसेलही भारी." वर हेही म्हणतो की स्टेपनी चुकीची आहे, १४ ची १५ ला चालत नाही, तीही बदला.

टाकू का? एकाच वेळी चार अधिक एक म्हणजे खिशाला बरंच मोठं भोक आहे.

सुसाट_१८
टाक बिनधास्त. माझ्या स्विफ्टला दोन वर्षांपासून २०५ आहे. रोडला चिकटून चालते. धुळे-शिरपूर हायवेला एकदा चालवून बघ, मग १८५ला हात लावणार नाहीस.

केळीचं_पान
जे शे ते बरं शे, भो. कसाले खर्च करस? गतिरोधकावर बायकोले उतारी दे, गाडी आपोआप उंच.

बोरीकाठ
@केळीचं_पान, हा उपाय तिला वाचून दाखवला. रात्रीची भाकरी मिळाली नाही. पुढचा उपाय सांगा.

मोजपट्टी
थांबा. आधी हिशोब करू, मग खिसा.

टायरवरचा पहिला आकडा म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचात. एकाच टायरवर मिलिमीटर, टक्के आणि इंच सुखाने नांदतात. असा संसार दुसरीकडे पाहिला नाही.

तुमचा १८५/६५ आर १५: भिंत १८५ च्या ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी. वर एक, खाली एक, मिळून २४०.५. रिम १५ गुणिले २५.४ म्हणजे ३८१. एकूण व्यास ६२१.५ मिमी.

आता तुमची "चुकीची" स्टेपनी, १६५/८० आर १४: भिंत १३२, दोन्ही मिळून २६४. रिम ३५५.६. एकूण ६१९.६. फरक दोन मिमीसुद्धा नाही! रिम एक इंच लहान, पण भिंत जाड, त्यामुळे बाहेरून चाक तेवढंच. ती स्टेपनी अजिबात चुकीची नाही. उलट आधीच्या मालकाला १५ चे अलाय टाकताना कुणीतरी शहाणं भेटलं होतं.

आणि २०५/६५ आर १५: ३८१ अधिक २६६.५ म्हणजे ६४७.५. व्यास २६ मिमीने वाढला. पण चाक मधोमध धरलेलं असतं, त्यामुळे गाडी उचलली जाते ती निम्मीच: १३ मिमी. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर) १६३, तो होईल १७६. त्यासाठी पाच टायर!

केळीचं_पान
१३ मिमी म्हणजे एक कळण्याची भाकरी आणि वर ठेच्याचा गोळा.

गिरणाकाठची
मोजपट्टी दादा, इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. पण एक शंका. टायरवाला म्हणतो याच रिमवर २०५ "बसतो". तो खोटं बोलतोय का? माझ्या भावालाही असंच सांगितलं होतं.

मोजपट्टी
ताई, खोटं नाही, अर्धं. रिमवर बसतो म्हणजे गाडीत बसतो असं नाही. टायर बाहेरच्या अंगाला मडगार्डला लागतो का, आत सस्पेन्शनच्या दांडीला लागतो का, आणि स्टेअरिंगचा पूर्ण लॉक मारल्यावर (शेवटपर्यंत वळवल्यावर) पुढच्या अस्तराला घासतो का, हे वेगळं बघावं लागतं. तेही गाडी रिकामी असताना नाही. पाच माणसं बसवून.

शिवाय स्पीडोमीटर. कंपनीने तो ६१९.६ च्या चाकावर बेतलाय. चाक ६४७.५ झालं तर प्रत्येक फेऱ्याला गाडी साडेचार टक्के जास्त पुढे जाते. गाडी खऱ्या १०० वर असेल तर काटा ९६ च्या आसपास दाखवेल. कॅमेऱ्याला तुमचा काटा दिसत नाही. सर्वसाधारण पथ्य असं की मूळ व्यासाच्या तीन टक्क्यांच्या आत राहावं.

सुसाट_१८
दोन वर्षं झाली, माझं काय घासलं नाही आणि चलानही आलं नाही. कागदावर सगळे घाबरवतात.

मोजपट्टी
@सुसाट_१८, मागच्या सीटवर तीन जण बसवून डावीकडे पूर्ण लॉक मारून गतिरोधकावरून एकदा घ्या. आवाज आला तर इथे लिहा. नाही आला तर तेही लिहा, मी माझा शब्द मागे घेतो.

हवा_चेक
माझं चाळीसगावकडे टायरचं दुकान आहे, म्हणून थोडं आमच्या बाजूचंही ऐका. दहातली सहा पोरं येऊन "दादा, रुंद टाका, भारी दिसलं पाहिजे" म्हणतात. नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जातात. आणि कधीकधी गिऱ्हाइकाचा साईझ दुकानात नसतो, २०५ चा ढीग पडलेला असतो. हेही खरं. लपवून काय करू.

बोरीकाठ भाऊ, चाक काढून रिमच्या आतल्या बाजूला बघा. तिथे १५ × ६ जे किंवा १५ × ५.५ जे असं कोरलेलं असतं. तो रिमचा रुंदीचा आकडा, इंचात. जे म्हणजे कडेचा आकार. त्याच्या शेजारी ईटी आणि एक आकडा असतो, म्हणजे चाक किती आत बसतं. ईटी कमी तितकं चाक बाहेर. हे लिहून इथे टाका.

प्रत्येक टायरला किती रुंद रिम चालतो हे ठरलेलं असतं. १८५/६५ ला ५ ते साडेसहा इंच, १९५/६५ ला साडेपाच ते सात, २०५/६५ ला साडेपाच ते साडेसात. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला तर भिंती गालफुगीसारख्या बाहेर येतात, वळणावर गाडी डुलते. उलट रुंद रिमवर अरुंद टायर ताणला तर रिमची कड उघडी पडते आणि पहिल्याच खड्ड्यात वाकते. लोक नुसता आर १५ बघतात आणि खूश होतात.

बोरीकाठ
आज पोराला खाली घातला आणि बघितलं. १५ × ६ जे, ईटी ३८. टायरच्या भिंतीवर शेवटी ३११८ असंही आहे. हा साईझ कुठला?

हवा_चेक
तो साईझ नाही, जन्मतारीख! २०१८ सालचा ३१ वा आठवडा. टक्कल पडलं नसतं तरी मी बदला म्हटलं असतं. रबर वाळतं, भिंतीला बारीक भेगा पडतात. आपल्याकडच्या मे महिन्यात तर फारच. ६ जे वर १८५, १९५, २०५ तिन्ही बसतात, म्हणजे टायरवाला त्या बाबतीत खरं बोलला. पण मोजपट्टी साहेब म्हणतात ते गाडीत बसण्याचं वेगळं.

आणि साईझनंतरचा आकडा विसरू नका. ८८ एच असं असेल तर ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो उचलतो, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. ८५ म्हणजे ५१५ किलो. टी म्हणजे १९०. साईझ तोच ठेवून स्वस्तातला कमी आकड्याचा टायर कुणी गळ्यात मारला तर घेऊ नका. कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली जायचं नाही, वर चालतं.

गिरणाकाठची
गालफुगी म्हणालात म्हणून सांगते. माझ्या भावाने १७ इंची अलाय टाकले होते. दिसायला एकदम राजबिंडे. भिंत इतकी पातळ की बोटभर. कन्नड घाटाच्या अलीकडे पावसात खड्डा दिसला नाही, दण्ण आवाज आला. चाळीसगावला पोचून बघितलं तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटलेले. टायर तर गेलाच, रिमलाही चंद्रकोर पडली. वहिनी अजून त्याला "राजबिंडे" म्हणूनच हाक मारते.

त्यामुळे मला उलटा प्रश्न पडतो. आपल्या रस्त्यांना रिम लहान आणि भिंत जाड हेच बरं ना?

डिझेल_काका
अगदी बरोबर पोरी. ३० वर्षं ट्रक चालवला. टायरची भिंत ही गाडीची पहिली स्प्रिंग. ती पातळ केली की मार रिमला, रिमनंतर कमरेला.

धडगाववाला
आमच्याकडे वेगळी तऱ्हा आहे. बोलेरो आहे, २१५/७५ आर १५ होते. मी २३५/७५ टाकले. तोरणमाळकडच्या दगडांवर खरंच फरक पडला. सगळं कागदावर ठरत नाही.

मोजपट्टी
@धडगाववाला, मान्य. तुमचं ७०३.५ चं चाक ७३३.५ झालं, गाडी १५ मिमी उचलली आणि भिंत १५ मिमी जाड झाली. दगडांवर ते कामाला येतं. पण टक्केवारी तुमचीही चारच्या वर आहे. मडगार्डला जागा मोठी म्हणून निभतंय. एक विचारतो, खोटं सांगू नका. घाटात चौथ्या गिअरवर आता पहिल्यासारखी ओढते का?

धडगाववाला
नाही ओढत. तिसऱ्यात टाकावी लागते. डिझेलही थोडं जास्त पितेय असं वाटतं. पण ते बायकोला सांगितलेलं नाही.

केळीचं_पान
या धाग्यावर सगळ्यांच्या बायकांपासून काहीतरी लपवलेलं आहे.

मी_भुसावळकर
अवांतर: साईझवर इतकी चर्चा, पण हवेबद्दल कुणी बोलेना. मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या वर. लोक जळगावहून धुळ्याला पोचतात, तापलेल्या टायरमध्ये हवा बघतात, चार-पाच पीएसआय जास्त दिसते, की लगेच सोडून देतात. मग टायर थंड झाला की हवा कमी. कमी हवेचा टायर जास्त मळला जातो, भिंत वाकवाक वाकते, आतून तापते आणि फुटते. हवा कायम सकाळी, गाडी चालवण्याआधी बघायची. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं त्यावर, पंक्चरवाल्याच्या मनावर नाही.

गिरणाकाठची
नायट्रोजनचं काय? पन्नास रुपये मोजून भरून घेते मी.

मी_भुसावळकर
ताई, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे. तुम्ही उरलेल्या २२ टक्क्यांचे पन्नास देताय.

हवा_चेक
अहो, ते तरी राहू द्या आमच्यासाठी. हलके घ्या. पण खरंच, महिन्यातून दोनदा साधी हवा बघितली तर नायट्रोजनची गरज नाही.

सुसाट_१८
रुंद टायरला पकड जास्त असते हे तरी मान्य कराल की नाही?

मोजपट्टी
कोरड्या रस्त्यावर, वळणावर, थोडी. पण पाऊस सुरू झाला की तोच रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, कारण तेच वजन जास्त जागेत पसरतं आणि पाणी कापायला दाब कमी पडतो. नक्षी झिजलेली असेल तर विचारूच नका. कायद्याने कारला किमान १.६ मिमी खोल नक्षी लागते. खाचेत मध्ये उंचवटे असतात, टायर तिथवर झिजला म्हणजे संपला. समृद्धीवर तुम्ही १२० ने जाणार असाल तर हे आधी बघा.

सुसाट_१८
बरं. काल मित्रांना मागे बसवून लॉक मारून घेतली. आवाज आला. फक्त डावीकडे. खर्र असा. शब्द मागे घ्यायची गरज नाही तुम्हाला.

मोजपट्टी
प्रामाणिकपणाबद्दल शेवभाजी माझ्याकडून.

केळीचं_पान
शेवभाजी कुठली? धुळ्याची की जळगावची? नीट ठरवा, यावरून मारामाऱ्या होतात.

मी_भुसावळकर
तिखट असेल ती. पुढे.

डिझेल_काका
बोरीकाठ, सगळे टायर-टायर करतायत, मी वेगळं विचारतो. गाडी घासते कधी? एकटा असताना की भरलेली असताना? पुढून घासते की मागून? आणि सूरतला काय घेऊन जातोस?

बोरीकाठ
काका, एकटा असताना नाही घासत. मागून घासते. सूरतला उधन्याला मोठा भाऊ असतो. जाताना एक पोतं दादर (वहिनीला तिकडची ज्वारी चालत नाही), बिबडे, कुरडया, कधी केळीचा घड, आणि आम्ही पाच जण.

केळीचं_पान
पोतं दादर! म्हणजे सहावा प्रवासी, तोही सीटबेल्ट न लावता.

डिझेल_काका
मग टायरला कशाला दोष देतोस बावा. सपाट जागी गाडी उभी कर, रिकामी. चाकाच्या मधल्या टोपीपासून मडगार्डच्या कमानीपर्यंत टेपने मोज. चारही चाकं. डावं-उजवं जवळपास सारखं यायला पाहिजे. मागच्या एकात फरक दिसला तर स्प्रिंग बसलीय किंवा तुटलीय. हाताने डिक्की दाबून सोड, गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. झोपाळ्यासारखी हलत राहिली तर शॉकॲब्सॉर्बर गेले.

बोरीकाठ
आज मोजलं. पुढची दोन्ही सारखी. मागे उजवीपेक्षा डावी ३० मिमी कमी. टेपने तीनदा बघितलं.

मोजपट्टी
३० मिमी! आणि आपण पाच टायर घेऊन १३ मिमी कमावणार होतो.

हवा_चेक
बोरीकाठ भाऊ, गॅरेजला जाताना अजून एक सांगतो. बाहेरचे अलाय आहेत ना, तर मधल्या भोकाकडे बघायला सांगा. स्विफ्टच्या हबचा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाचा) व्यास ५४.१ मिमी. बाहेरच्या अलायचं भोक बहुतेक मोठं असतं, मध्ये प्लास्टिकची रिंग बसवतात. ती रिंग पंक्चर काढताना कुणीतरी हरवतं. मग ८०-९० ला स्टेअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतो.

बोरीकाठ
@हवा_चेक, थरथरतं! मला वाटलं रस्ताच तसा आहे.

गिरणाकाठची
रस्ताही तसा आहेच.

बोरीकाठ
(बारा दिवसांनी) मंडळी, उशीर झाला, लग्नसराई होती. अहवाल देतो.

डाव्या मागच्या स्प्रिंगचा खालचा एक वेढा तुटलेला निघाला. मेकॅनिकने तुकडा हातात दिला, तो मी काकांसाठी जपून ठेवलाय. मागच्या दोन्ही स्प्रिंग बदलल्या. सगळं मिळून दोन टायरच्या पैशांपेक्षा कमीच गेले. चारपैकी एका चाकात रिंग नव्हती, ती बसवली, थरथर गेली.

टायर तसेही बदलायचेच होते. चारही १८५/६५ आर १५ ८८ एच घेतले, सगळे याच वर्षीचे, आठवड्याचा आकडा स्वतः वाचून. काकांच्या म्हणण्यावरून कंपनीचे लोखंडी १४ चे रिम शोधावेत असंही मनात होतं, भिंत जाड मिळाली असती. पण पोरगं म्हणालं अलाय काढले तर मी गाडीत बसणार नाही. त्याचं वजन ५८ किलो आहे, तो बसला नाही तर गाडी अजून उंच होईल, हा विचार आला होता. सोडून दिला. स्टेपनी तीच जुनी लोखंडी ठेवली, फक्त पंक्चर झालं तर दुकानापर्यंत, हळू.

टायरवाल्याला २०५ नको म्हटल्यावर तो थोडा नाराज झाला, पण १८५ त्याच्याचकडून घेतले. माणूस वाईट नाही.

परवा सूरतला जाऊन आलो. कोंडाईबारी घाटातून, पाच जण. नवापूरपर्यंत एकदाही घासली नाही. पुढे एका गतिरोधकावर घासली. पोतं दादर होतंच डिक्कीत.

डिझेल_काका
पोतं पुढच्या वेळी एसटीने पाठव.

केळीचं_पान
किंवा वहिनीलाच अमळनेरला बोलाव.

तापीची_लेक
छान धागा, सगळा वाचला. माझी जुनी वॅगनार, १४५/८० आर १३. दुकानदार १५५/८० आर १३ टाका म्हणतो. टाकू का?

मोजपट्टी
ताई, ५६२.२ चं चाक ५७८.२ होईल. १६ मिमी, २.८ टक्के. तीनच्या आत आहे, पण जेमतेम. आधी दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा, त्यावर काय साईझ दिलेत ते सांगा.

तापीची_लेक
मागच्या दिवाळीत गाडी रंगवली. स्टिकरवरून रंग मारलाय.

हवा_चेक
मग चाक काढा आणि रिमच्या आतला आकडा वाचून इथे टाका. आणि ताई, गाडी पूर्ण भरून लॉक मारून बघायला विसरू नका.

केळीचं_पान
पोतं हवं असेल तर बोरीकाठकडे आहे.